मिठाच्या पाण्यातली पिशवी

सगळ्यांत आधी आल्या त्या समोरच्या पाटणकरवहिनी. आमच्या मजल्यावर कोणाकडेही माणूस आलं की त्याच्याआधी वहिनी पोचलेल्या असतात. खालून कोथिंबीर घेऊन येताना त्यांनी वॉचमनच्या वहीत डोकावून बघितलं असणार, कारण मी कणकेचे हात तसेच घेऊन दार उघडते तर या पायपुसण्यावर उभ्या. म्हणाल्या, "कमलकाकू, तुमच्याकडे डॉक्टर लोक येतायत. दोघं आहेत. सगळं ठीक ना?" एवढ्यात लिफ्ट उघडली आणि आरिफ डॉक्टर बाहेर पडले. बरोबर एक मुलगी, तिच्या हातात फाइल.

आरिफ डॉक्टरांना बघून मी भिंत धरली. कणकेचा पंजा भिंतीवर उमटला, तो अजून नीट निघालेला नाही.

आरिफ तांबोळी हे बाईंचे शिष्य. बाई म्हणजे डॉ. शैलजा नांदूरकर, ज्यांच्या पंचाहत्तरीसाठी आपण सगळे हे पुस्तक काढतोय त्याच. आरिफ डॉक्टर आम्हाला घरच्यासारखे आहेत, ईदला त्यांच्याकडचा शीरखुर्मा येतो आणि आमच्याकडचं कैरीचं लोणचं त्यांच्या अम्मींना जातं. पण त्यांनी आमच्या दारात असं न कळवता उभं राहायचं नसतं. बाईंचा एक नियम आहे. रिपोर्ट चांगला असला तर बाई फोन करतात. चांगला नसला तर माणूस घरी येतं. आणि माझ्या नातीच्या, सईच्या, वर्षाच्या तपासण्या नुकत्याच झाल्या होत्या आणि रिपोर्ट यायचा होता. आता तुम्हीच सांगा, मी भिंत धरू नको तर काय करू.

"आजी, रिपोर्ट घेऊन नाही आलो," आरिफ डॉक्टर चपला काढायच्या आधीच म्हणाले. मला ओळखून आहेत ते. "रिपोर्ट पुढच्या गुरुवारी. आज वेगळंच काम आहे. तुमच्याकडून लेख हवाय."

पाटणकरवहिनी तोवर आत येऊन खुर्चीत बसलेल्या. म्हणाल्या, "कमलकाकूंचा लेख? त्यांची वाण्याची यादी मी लिहून देते."

आरिफ डॉक्टर पेठेतले, पिढ्यान्‌पिढ्यांचे पुणेकर. ते म्हणाले, "मग हाही तुम्हीच लिहून द्या वहिनी. नाव आम्ही त्यांचं घालतो." वहिनी कोथिंबीर निवडायला लागल्या, माझ्याच घरात.

बरोबरची मुलगी प्राची, नागपूरकडची, बाईंच्या हाताखाली शिकते. ती म्हणाली, "आजी, ते बरणीवालं लिहा ना. आमच्या लॅबमध्ये कोणी नवीन आलं की पहिले तेच सांगतात." म्हणजे माझी फजिती तिथे धडा म्हणून शिकवतात. मला लाजही वाटली आणि खरं सांगते, आनंदही झाला. एवढ्या मोठ्या मोठ्या प्राध्यापकांच्या रांगेत माझं नाव. मी दुसरी पास आहे. तिसरीत गेले आणि धाकटा भाऊ झाला, त्याला सांभाळायला घरी राहिले ते राहिलेच. तेव्हा हे मी वहीत माझ्या पद्धतीने लिहिते आहे. ऱ्हस्व-दीर्घ सई बघणार आहे. मजकुराला हात लावायचा नाही असं तिला बजावलंय.

बाईंची आणि माझी ओळख आठ वर्षांपूर्वीची. तेव्हा सई नऊ वर्षांची होती. तिच्या पोटात दुखायचं. दुखायचं आणि थांबायचं. मी ओवा दिला, हिंग लावलं, शाळा चुकवायचे ढंग आहेत असंही म्हणाले. मी तसं म्हणाले याचं मला अजून वाईट वाटतं. मग एक दिवस वेणी घालताना तिचे डोळे पिवळे दिसले. पुण्याच्या कडेला, मांजरी गावात राहून उसाच्या रसाला काय तोटा, मी तिला चार दिवस रस पाजला. पाचव्या दिवशी माझी सून स्मिता म्हणाली, "आई, पुरे आता," आणि तिला उचलून दवाखान्यात घेऊन गेली. त्या दिवशी सून माझं ऐकून थांबली असती तर, हा विचार मी पुरा करत नाही.

तिथे फोटो काढले, मशीनमध्ये घातलं. पित्ताची नळी फुगली होती. ती नळी आणि पित्ताची पिशवी दोन्ही काढायला लागणार, असं सर्जन म्हणाले. मुलगा प्रकाश बाहेर येऊन मला एवढंच म्हणाला, "आई, ठेवली तर पुढे कॅन्सर होऊ शकतो." नऊ वर्षांच्या पोरीच्या नावाबरोबर तो शब्द. मी त्याला म्हटलं, हळू बोल. जसं काही हळू बोललं की तो शब्द तिला सापडणार नव्हता.

ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी नर्सने एक प्लास्टिकची बरणी आणून दिली. आत पाणी आणि पाण्यात ती पिशवी, माझ्या नातीच्या पोटातली, बोटाएवढी. ही नांदूरकर मॅडमच्या लॅबमध्ये पोचवा, त्या याच आजाराचा अभ्यास करतात, असं सांगितलं. प्रकाशला औषधांसाठी पळायचं होतं, स्मिता सईच्या उशाशी. राहिले मी. मी म्हटलं, द्या, मी जाते, पुण्यात काय हरवणार आहे का.

रिक्षात बसले आणि बरणी गळायला लागली. झाकण तिरकं बसलं होतं. त्या पाण्याला असा वास की डोळ्यांतून धारा. रिक्षावाला आरशात बघून म्हणाला, "आजी, ही रिक्षा आहे. फवारणीचा पंप नाही." स्वारगेटला त्याने मला उतरवलं आणि वर म्हणाला, "पुढे कोणाचा तरी दुसऱ्याचा जीव घ्या."

आता मी तिथे बसच्या गर्दीत उभी. बरणीतलं पाणी निम्मं गेलेलं, पिशवी उघडी पडलेली. मला वाटलं, हे पाणी विषारी आहे, नर्सने चुकून फिनेल भरलंय. यात ती पिशवी जळून जाईल आणि डॉक्टरांना काही दिसणार नाही. मी जन्मभर लोणची घातलेली बाई. कुठलीही गोष्ट टिकवायची कशी हे मला एकच माहीत. कैरी मिठाच्या पाण्यात वर्षभर राहते. मी नळाशी गेले, ते वासाचं पाणी ओतून दिलं, आणि पेरूवालीपाशी गेले.

पेरूवाली म्हणाली, "नुसतं मीठ पायजे का तिखटमीठ?"

मी म्हटलं, "नुसतं. मूठभर."

"काय हाय त्यात, कोंबडीचं काळीज?"

मी म्हटलं, "माझ्या नातीचा अवयव आहे." तिने मीठ दिलं आणि पुढचं गिऱ्हाईक बघायच्या आत दोन्ही हात जोडले. मी माझ्या बाटलीतलं पिण्याचं पाणी ओतलं, मीठ विरघळवलं, झाकण रुमालाने बांधलं आणि दुसरी रिक्षा केली. वाटेत मला स्वतःचं कौतुकच वाटत होतं.

लॅबमध्ये बरणी घेतली ती आरिफ डॉक्टरांनी. तेव्हा ते शिकत होते, मिसरूड फुटलेलं. त्यांनी झाकण उघडलं, वास घेतला, पुन्हा घेतला, आणि म्हणाले, "आजी, यातलं फॉर्मलिन कुठे गेलं?"

त्यांच्या आवाजावरून मला कळलं की काहीतरी भयंकर झालंय. मी खोटं बोलले. म्हटलं, "मला असंच दिलं." माझ्या साडीला तोच वास येत होता आणि मी म्हणत होते मला असंच दिलं.

तेवढ्यात आतून बाई आल्या. मी बाईंना पहिल्यांदा पाहिलं ते असं, चोर पकडल्यासारखी उभी असताना. पांढरी सुती साडी, वर कोट, चष्मा दोरीला. मला वाटलं आता या ओरडणार. त्यांनी खुर्ची ओढली, मला बसवलं, समोर स्वतः बसल्या आणि विचारलं, "मीठ किती घातलंत?"

मी म्हटलं, "कैरीला घालते तेवढं."

"म्हणजे भरपूर," बाई म्हणाल्या.

मग मी रडले. मी विचारलं, "माझ्यामुळे आता काही कळणारच नाही का?" कारण तेच होतं. पोरीच्या आत कॅन्सर होता की नव्हता हे त्या बोटाएवढ्या तुकड्यात होतं, आणि मी त्याचं लोणचं घालून आणलं होतं.

बाई म्हणाल्या, "काल रात्रभर ती औषधात होती, म्हणून वाचली असेल. आजच्या तासा-दीड तासाने कडा थोड्या खराब झाल्या असतील. आतलं बघू. आणि एक गंमत सांगते. पेशींच्या आतली जी जनुकं आम्ही वाचतो, ती जास्त दिवस फॉर्मलिनमध्ये तुटतात. तेवढ्यापुरतं तुमच्या मिठाने फार बिघडवलेलं नाही." मला त्यातलं 'खराब' एवढंच ऐकू आलं.

त्यांनी रजिस्टर काढलं आणि लिहिलं, मग मला वाचून दाखवलं: रुग्णाच्या आजीने प्रवासात औषध ओतून मिठाचे पाणी भरले, वेळ सुमारे दीड तास. "बरोबर आहे? सही करा." मला वाटलं, आता हे माझ्यावर येणार. बाईंना ते कळलं असावं. म्हणाल्या, "खरं लिहिलेलं असलं की उद्या काही वेगळं दिसलं तर कशामुळे ते मला समजेल. तुम्ही लपवलंत तर मिठाने केलेलं मी पोरीचा आजार समजून बसेन."

हे वाक्य पुढे माझ्या मागेच लागलं. ते सांगते.

पण आधी बरणीचं संपवते. बाईंनी त्या दिवशी मला बोल लावला नाही, नर्सलाही नाही. बोल लावला तो बरणीला. पुढच्या महिन्यापासून त्यांच्याकडे येणाऱ्या बरण्यांना दोन झाकणं आली आणि वर मराठीत मोठ्या अक्षरांत चिठ्ठी: 'हे औषध आहे. वास येणारच, डोळे चुरचुरतील. पाणी ओतू नये, बदलू नये.' प्राची सांगते की त्या चिठ्ठीला लॅबमध्ये 'कमलताईंची चिठ्ठी' म्हणतात. ज्या माणसाला लिहिता-वाचता येतं पण कोणी काही सांगितलेलं नसतं, त्याच्यासाठी ती आहे. मोठी माणसं चूक झाली की माणूस बदलतात. बाईंनी झाकण बदललं.

त्याच दिवशी त्यांनी मला विचारलं, "नातीला काय झालंय हे तुम्हाला कोणी सांगितलं का?" कोणीच सांगितलं नव्हतं. त्यांनी एका कागदामागे दोन नळ्या काढल्या. एक पित्ताची, यकृताकडून येणारी. दुसरी स्वादुपिंडाची, त्यातला रस अन्न पचवतो. दोन्ही आतड्याच्या दाराशी मिळतात आणि तिथे झडप असते. सईच्या पोटात ती मिळायची जागा जन्मापासून चुकलेली होती, आतड्याच्या बाहेर, वर सरकलेली. झडपेचा तिथे जोर चालत नाही. मग पचवणारा रस उलटा चढतो आणि पित्ताच्या पिशवीत जाऊन बसतो. तिथे पचवायला अन्न नाही, मग तो पिशवीच्या अस्तरालाच चावत राहतो. वर्षानुवर्षं.

हे मला लगेच समजलं. आमच्या सोसायटीत मागे बोअरच्या पाइपाची झडप गेली होती, आणि बोअरचं खारं पाणी उलटं चढून खडकवासला धरणाच्या गोड्या पाण्यात मिसळत होतं. भांडी पांढरी पडायला लागली तेव्हा कुठे कळलं. मी बाईंना तसं सांगितलं तर त्यांनी ते वहीत टिपून घेतलं. आता त्या पेशंटच्या घरच्यांना ते उदाहरण देतात म्हणे.

निघताना बाईंनी तो नियम सांगितला. "दहा-बारा दिवस लागतील. चांगलं असेल तर मी फोन करीन. नाहीतर मी स्वतः येईन. वाईट गोष्ट फोनवर सांगायची नाही असं माझं ठरलेलं आहे. समोरचा माणूस कुठे उभा असतो, त्याच्या गॅसवर काय असतं, काही कळत नाही."

त्यानंतरचे दिवस कसे काढले ते मला लिहिता येणार नाही. प्रकाशने त्याचा फोन माझ्याकडे ठेवायला सुरुवात केली, मी मागितला म्हणून. मी तो आंघोळीलाही बाहेर स्टुलावर ठेवून दार अर्धवट लावायची. फोन आले ते कर्जाचे आणि विम्याचे. दाराची बेल वाजली की मला घाम फुटायचा. दूधवाल्याला मी सांगून ठेवलं होतं, बेल वाजवू नकोस, पिशवी अडकव आणि जा.

अकराव्या दिवशी बेल वाजली आणि दारात बाई होत्या.

त्या आत आल्या, पाणी मागितलं, स्मिता आणि प्रकाशला बसायला सांगितलं. मग म्हणाल्या, "आधी एकच वाक्य. कॅन्सर नाही. आता बाकीचं ऐका." हे मी कधी विसरणार नाही. वाईट सांगायला आलेलं माणूस आधी श्वास घेऊ देतं, हे मी पहिल्यांदा पाहिलं.

बाकीचं असं होतं. पिशवीचं अस्तर जाड झालं होतं, पेशींची गर्दी झाली होती. आणि त्या पेशींत एका जनुकात बदल सापडला होता. बाई म्हणाल्या, "पेशीला वाढ म्हणून सांगणारं एक बटण असतं. दाबलं की चालू, सोडलं की बंद. सईच्या पिशवीतल्या काही पेशींत ते बटण चालूच अडकलं होतं. दुसरं एक जनुक राखणदाराचं काम करतं, बिघडलेल्या पेशीला थांबवतं. ते अजून शाबूत होतं. बटण अडकलं की लगेच कॅन्सर होत नाही. राखणदारही गेला की मग धोका. ती वाट सुरू झाली होती. पण ती पिशवी आता सईच्या पोटात नाही."

प्रकाशने विचारलं, "मग संपलं?"

बाई म्हणाल्या, "नाही. नळीचा थोडा भाग यकृतात राहतोच, तो काढता येत नाही. तिथे लक्ष ठेवायचं. दर वर्षी. जन्मभर." खोटा दिलासा बाईंनी आम्हाला कधी दिला नाही. त्या वेळी मला राग आला होता. आता वाटतं, त्यामुळेच त्या 'छान आहे' म्हणतात तेव्हा मी झोपू शकते.

सगळे बोलत होते आणि मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. माझ्या मनात दुसरंच होतं. माझी थोरली बहीण, अक्का. यवतच्या पुढे दिलेली. ती अशीच पिवळी झाली होती, अंग खाजवून खाजवून रक्त काढायची, आणि तीन महिन्यांत गेली. तिथल्या डॉक्टरांनी पित्ताच्या पिशवीचा कॅन्सर म्हणून सांगितलं होतं. आम्ही बाहेर काविळीने गेली म्हटलं, कारण तिच्या मुलींच्या सोयरिकी जमायच्या होत्या. असलं घरातलं कोणी सांगत नाही. सईच्या वेळी दवाखान्यात कागदावर विचारलं होतं, घरात कोणाला होतं का, तेव्हा मी शेजारीच बसले होते आणि नाही म्हणाले होते. सुनेसमोर कसं सांगणार की हे माझ्या माहेरून आलंय.

बाई निघाल्या. मी त्यांना लिफ्टपर्यंत सोडायला गेले आणि तिथे सांगितलं. बाई तशाच परत फिरल्या. घरात येऊन वही उघडली, अक्काचं वय, काय काय होत होतं, सगळं विचारून लिहून घेतलं. स्मिता ऐकत होती. मी तिच्याकडे बघू शकत नव्हते.

मग बाई म्हणाल्या, "कमलताई, अक्कांना पित्ताचे खडे असतील, आणखी काही असेल, आता सांगता येणार नाही. पण सईचं मी सांगू शकते. तो बदल पिशवीच्या अस्तरात सापडला. मग मी तिच्या रक्तातही तोच शोधला. रक्तात नाही. वाडवडिलांकडून आला असता तर रक्तातही असता. तो तिथल्या तिथे, त्या रसाने चावून चावून झालेला आहे. तुम्ही तिला दिलेला नाही." आणि मग स्मिताकडे बघून, "तुम्हीही नाही."

स्मिताने तेव्हा पदर डोळ्याला लावला. मला माहीतच नव्हतं की तीही मनात तेच घेऊन बसली होती, तिच्या माहेरचं काहीतरी. एका घरात दोघी बायका दहा दिवस एकमेकींना चहा देत होत्या आणि दोघींना वाटत होतं की पोरीला आपणच मारलं. बाईंनी रक्त तपासलं ते त्यांच्या अभ्यासासाठी. पण आमच्या घरात त्या दिवसापासून श्वास घेता येतो.

जाताना त्या मला एवढंच म्हणाल्या, "काही घरांत रक्तातूनही येतं. म्हणून विचारतो आम्ही. पुन्हा कोणी विचारलं तर लपवू नका." मी मग अक्काच्या तिन्ही मुलींना फोन करून सगळं सांगितलं. दोघी रागावल्या. तिसरी तपासून आली. ठीक आहे.

बाई सूक्ष्मदर्शकावर, माझ्या भाषेत दुर्बिणीवर, काय बघतात ते त्यांनी मला एकदा दाखवलंय. मी डोळा लावला तर बीटाची कोशिंबीर सांडल्यासारखं गुलाबी-जांभळं. बाई म्हणाल्या, "ही बघा गर्दी." त्या तुकड्याची मेणात घातलेली वडी त्यांनी जपून ठेवली आहे. आरिफ डॉक्टर सांगतात, बाई अशा मुलांच्या एकाही रिपोर्टवर पहिल्या दिवशी सही करत नाहीत. आज बघतात, उद्या सकाळी चहाच्या आधी पुन्हा बघतात, मग सही. मी विचारलं होतं बाईंना, इतकी वर्षं बघताय, अजून शंका येते? म्हणाल्या, "भीती वाटते. नाव वाचते ना मी."

तेव्हापासून वर्षाच्या सात तपासण्या झाल्या, सात फोन आले. सकाळी दहाच्या सुमाराला. "कमलताई, शैलजा बोलतेय. पोरगी छान आहे. आज काय शिजतंय?" एवढंच. एका वर्षी दहा वाजले, अकरा वाजले, फोन नाही. मी दाराकडे तोंड करून बसले. जेवले नाही. लिफ्ट वाजली की उठून दारापर्यंत जायची. चार वाजता फोन आला. बाईंचा आवाज जरा खोल गेलेला. "कमलताई, उशीर झाला. माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं सकाळी, डोळ्यावर पट्टी आहे. रिपोर्ट आरिफने वाचून दाखवला. दोनदा वाचायला लावला. पोरगी छान आहे." ऑपरेशन झालेलं माणूस, खाटेवर पडलेलं, आणि त्यांना आठवण होती की मांजरीत एक म्हातारी दाराकडे बघत बसली असेल. मी त्यांना तुम्ही कशा आहात हे विचारायलाही विसरले. ते आज विचारते. बाई, डोळा कसा आहे?

सई आता सतराची आहे. बाईंना वाटत होतं सायन्स घेईल. तिने कॉमर्स घेतलं. बाई म्हणाल्या, "बरं झालं, दुर्बिणीवर खुर्ची एकच आहे." मी रोज सकाळी तिला खिडकीशी बोलावते, वेणी घालायला म्हणून. ती सतराची, केस खांद्यापर्यंत, वेणी कसली येतेय. पण ती येते, माझ्याकडे तोंड करून बसते, डोळे मोठे करते आणि म्हणते, "पांढरे आहेत आजी. बघितलंस? आता जाऊ?"

परवा सोमवारपासून ती हात खाजवते आहे. डास म्हणते. मांजरीला डास आहेतच. मी खिडकीत दोनदा बघितलं, संध्याकाळी दिव्याखाली परत बघितलं. पांढरेच दिसले. पण दिव्याखाली सगळंच पिवळं दिसतं.

बाई माझ्याहून तीन वर्षांनी मोठ्या, म्हणून मला आशीर्वाद द्यायचा अधिकार नाही. मी मागणं मागते. बाई, आपण शंभर वर्षं जगा, धडधाकट जगा, आपला तो ऑपरेशन केलेला डोळा शेवटपर्यंत स्वच्छ राहो. यात माझा स्वार्थ आहे हे मी लपवत नाही, लपवू नका असं आपणच सांगितलंत. सईच्या तपासण्या जन्मभर आहेत. मी असेन नसेन, पण दर वर्षी कोणीतरी तिचं नाव वाचून घाबरलेलं असावं, दुसऱ्या दिवशी चहाच्या आधी पुन्हा बघणारं असावं, असं मला वाटतं. आपण आरिफ डॉक्टरांना तसं तयार केलंत, प्राचीला करताय. तरी पहिला फोन आपलाच यावा.

लेख न्यायला गुरुवारी येतो म्हणून आरिफ डॉक्टर सांगून गेलेत. सकाळी अकरा वाजता, आणि या वेळी बाईंनाही घेऊन येणार आहेत, त्यांना माझ्या हातची मिठाची कैरी खायची आहे. पाटणकरवहिनींनी स्वतःला बोलावून घेतलंच आहे. मी आरिफ डॉक्टरांना लिफ्टपाशी गाठून म्हटलं, "याल तेव्हा या, पण आधी फोन करा." ते म्हणाले, "आजी, येणारच आहोत, फोन कशाला?" मी म्हटलं, "रिपोर्टही गुरुवारीच ना?" मग त्यांच्या लक्षात आलं. म्हणाले, "बाईंनाच सांगतो करायला. दहा वाजता."

आज बुधवार. कैरी बरणीत तयार आहे, फोन चार्जिंगला लावलाय. उद्या अकराला येणार आहेत, आधी फोन करून.